उंबरठ्यावरचा थोरला भाऊ : ख्रिस्ती कादंबरीतील कुटुंब, श्रद्धा आणि क्षमा

लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला आपल्याला बालपणापासून पाठ असतो. धाकटा मुलगा वाटणी मागतो, परदेशी जाऊन ती उधळतो, उपाशी पोटी घराची वाट धरतो आणि पिता धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. उपवासकाळातील प्रवचनांत आपण बहुधा येथवर येऊन थांबतो. प्रभू येशू मात्र येथे थांबत नाही. शेतावरून परतलेला थोरला मुलगा वाद्यांचा आवाज ऐकून दाराबाहेरच उभा राहतो. इतक्या वर्षांची चाकरी, कधीही न मिळालेले करडू आणि धाकट्यासाठी कापलेले पुष्ट वासरू, हा सारा हिशेब तो बापापुढे मांडतो. बाप बाहेर येऊन त्याचीही विनवणी करतो. पुढे तो घरात गेला की नाही, हे दाखला सांगत नाही.

जगातील श्रेष्ठ ख्रिस्ती कादंबऱ्यांपैकी कित्येकींची सुरुवात नेमकी या उंबरठ्यावर होते. ज्याच्यावर खरोखर अन्याय झालेला आहे आणि ज्याने त्या अन्यायाचा हिशेब चोख ठेवलेला आहे, असा माणूस घरात कसा शिरतो? अशा चार कादंबऱ्यांचा परिचय येथे करून दिला आहे.

ख्रिस्ती कादंबरी म्हणजे काय?

ज्या कथेत पात्रे वारंवार प्रार्थना करतात आणि शेवटी सर्व काही गोड होते, तिला आपण सहजपणे ख्रिस्ती कथा म्हणतो. ही व्याख्या अपुरी आहे. ज्या कादंबरीत पाप खरे आहे, मनुष्याचे स्वातंत्र्य खरे आहे आणि देवाची कृपाही तितकीच खरी आहे, ती ख्रिस्ती कादंबरी. तिच्यात धर्मगुरू दुबळा असू शकतो, भाविक स्त्री कठोर असू शकते आणि नास्तिकाच्या मनात कृपेचा अंकुर फुटू शकतो. संतचरित्र आपल्याला शिखर दाखवते. कादंबरी चढणीवर धापा टाकणारा माणूस दाखवते.

पोप फ्रान्सिस यांनी 17 जुलै 2024 रोजी मानवी जडणघडणीतील साहित्याच्या भूमिकेविषयी एक पत्र लिहिले. आरंभी ते धर्मगुरूंच्या प्रशिक्षणापुरते योजिले होते, पुढे त्यांनी ते सर्व ख्रिस्ती जनांना उद्देशून विस्तारले. तरुण येशूसंघीय असताना 1964-65 मध्ये अर्जेंटिनातील सांता फे येथील शाळेत ते साहित्य शिकवीत असत. कथा-कादंबऱ्या वाचताना आपण दुसऱ्याचा आवाज ऐकायला शिकतो, हा त्या पत्राचा एक मुख्य विचार आहे. ज्या घरात माणसे एकमेकांचा आवाज ऐकेनाशी होतात, तेथे या विचाराचे मोल विशेष आहे.

क्षमेची भाकर : मान्झोनी

इटालियन लेखक आलेस्सांद्रो मान्झोनी यांची ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’, अर्थात ‘वाग्दत्त वधूवर’, ही कादंबरी प्रथम 1827 मध्ये प्रकाशित झाली आणि 1840 ते 1842 या काळात तिची सुधारित आवृत्ती निघाली. कथानक 1628 ते 1630 या काळातील, स्पॅनिश अमलाखालील लोंबार्दी प्रांतात घडते. रेन्झो आणि लुचिया या गरीब वाग्दत्त जोडप्याचे लग्न डॉन रोद्रिगो नावाचा सरदार दहशतीने रोखून धरतो. दुष्काळ, दंगे आणि 1630 ची मिलान येथील प्लेगची साथ यांतून वाट काढीत ही दोघे पुन्हा भेटतात.

या कादंबरीचा नैतिक कणा म्हणजे फादर क्रिस्तोफोरो हे कॅपुचिन संन्यासी. पूर्वाश्रमी ते एका श्रीमंत व्यापाऱ्याचे पुत्र होते, नाव लोदोविको. रस्त्यात कोणी कोणाला वाट द्यावी, एवढ्याशा कारणावरून झालेल्या झटापटीत त्यांचा विश्वासू नोकर मारला जातो आणि त्यांच्या हातून एका सरदाराची हत्या होते. पश्चात्तापाने ते संन्यास घेतात आणि मृत नोकराचेच नाव धारण करतात. त्यानंतर ते मृताच्या भावाकडे, सर्व नातलगांच्या देखत, गुडघे टेकून क्षमा मागतात. क्षमेची खूण म्हणून त्या घरची एक भाकर मागून घेतात आणि तिचा एक तुकडा जन्मभर जवळ बाळगतात.

शेवटी प्लेगच्या रुग्णांसाठी उभारलेल्या आवारात सूडाने पेटलेल्या रेन्झोला ते कठोर शब्दांत फटकारतात आणि मरणोन्मुख डॉन रोद्रिगोच्या बिछान्यापाशी नेतात. रेन्झो त्याला क्षमा करतो. तो जपून ठेवलेला तुकडा क्रिस्तोफोरो या जोडप्याच्या हाती सोपवतात आणि तो आपल्या मुलाबाळांना दाखवून सदैव क्षमा करण्यास शिकवा, असे सांगतात. कुटुंबाला मिळालेला हा पहिला वारसा आहे, आणि त्यात जमीन नाही की दागिना नाही. 27 मे 2015 रोजीच्या साप्ताहिक भेटीत वाग्दत्त जोडप्यांविषयी बोलताना पोप फ्रान्सिस यांनी ही कादंबरी वाचण्याची शिफारस केली होती.

पती, पत्नी आणि जपून ठेवलेली दुखणी : सिग्रिड उंडसेट

सिग्रिड उंडसेट (1882-1949) या नॉर्वेच्या लेखिका. त्यांची ‘क्रिस्तिन लाव्हरान्सदात्तर’ ही त्रिखंडात्मक कादंबरी 1920, 1921 आणि 1922 या लागोपाठच्या वर्षांत आली. लुथरन बहुसंख्या असलेल्या देशात त्यांनी 1924 मध्ये कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि 1928 मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कथा चौदाव्या शतकातील आहे. लाव्हरान्स हा सदाचारी जमीनदार आपली लाडकी लेक क्रिस्तिन हिचे लग्न सिमॉन या सज्जन तरुणाशी ठरवतो. ती मात्र एर्लंड या उमद्या पण बेजबाबदार सरदाराच्या प्रेमात पडते. एर्लंडला एका विवाहित स्त्रीपासून झालेली दोन मुले आहेत. बाप मनाविरुद्ध संमती देतो. बोहल्यावर सोन्याचा मुकुट मिरवणारी क्रिस्तिन त्या वेळी गरोदर आहे, आणि हे तिने आईबापांपासून लपवलेले आहे. त्याच रात्री, लेकीने आपल्याला फसवले हे उमगून खचलेल्या लाव्हरान्सजवळ त्याची पत्नी रॅग्नफ्रिड कबुली देते की, तुमच्या घरी आले तेव्हा मीही निष्कलंक नव्हते. पहिला खंड येथे संपतो. लेखिका घाईघाईने समेट घडवून आणत नाही. एवढे मात्र वाचकाला कळते की, या दोघांमध्ये अनेक वर्षे जी अनाम भिंत होती, तिला आता नाव मिळाले आहे.

पहिल्या बाळाला घेऊन क्रिस्तिन निदारोस येथील संत ओलाफच्या समाधीपर्यंत पायी यात्रा करते आणि प्रायश्चित्त म्हणून आपला लग्नातला मुकुट तेथे अर्पण करते. देवाची क्षमा तिला मिळते. नवऱ्याला मात्र ती मनापासून क्षमा करू शकत नाही. ती घर सांभाळते, शेती राखते, सात मुलगे वाढवते आणि एर्लंडचा प्रत्येक अपराध मनात जपून ठेवते. राजाविरुद्धच्या कटात सापडून एर्लंड आपली मालमत्ता गमावतो, तेव्हा ती त्याच्या पाठीशी उभी राहते, आणि तरीही एका भांडणात जुनी दुखणी अशा शब्दांत बाहेर पडतात की तो घर सोडून डोंगरातल्या एका ओसाड वाडीवर राहायला जातो. जिला आपण एकेकाळी नाकारले तो सिमॉन मरणशय्येवरून तिला एर्लंडकडे जाण्याची गळ घालतो. ती जाते, पण समेट पुरता होत नाही. पुढे तिच्यावर आलेला खोटा आळ दूर करण्यासाठी धावून आलेला एर्लंड चकमकीत प्राणास मुकतो.

क्रिस्तिन ही वाईट स्त्री नाही, म्हणूनच ही कथा आपल्याला बोचते. तिचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर असते. थोरल्या भावाचेही म्हणणे बरोबरच होते. आपण बरोबर आहोत या जाणिवेने माणूस किती एकाकी होऊ शकतो, हे उंडसेट यांच्याइतके सूक्ष्मपणे फार थोड्यांनी दाखवले आहे.

अखेरीस ती मठात आश्रय घेते. 1349 मधील काळ्या मृत्यूच्या साथीत ती धर्मभगिनींबरोबर आजाऱ्यांची सेवा करते आणि त्यातच तिला मरण येते. शेवटच्या घटकेला ती लग्नाची अंगठी मिस्सांसाठी देऊन टाकते. बोटावर अंगठीचा वळ उरतो, त्यात पवित्र मरियेच्या नावाचे आद्याक्षर उमटलेले असते. आपण आयुष्यभर हट्टाने वागलो, तरी देवाने आपल्याला आपल्या करारातून सोडले नव्हते, हे तिला त्या खुणेतून कळते.

बाप, मुले आणि मालमत्ता : फ्रान्स्वा मोरियाक

फ्रेंच कॅथलिक लेखक फ्रान्स्वा मोरियाक यांना 1952 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची 1932 मधील एक कादंबरी आपल्या समाजाने विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘सर्पांचे वेटोळे’ असा होतो, आणि हे वेटोळे म्हणजे तिच्या नायकाचे काळीज.

लुई हा बोर्दो परिसरातील म्हातारा, धनाढ्य आणि कंजूष वकील. आपल्या मृत्यूनंतर तिजोरीत पैशांऐवजी सापडावे म्हणून तो पत्नी इझाला एक लांबलचक पत्र लिहीत बसला आहे. लग्नानंतर थोड्याच काळात त्याला कळले होते की, त्याच्याआधी इझाचे मन दुसऱ्या कोणावर जडले होते. आपल्यावर कोणी प्रेम केलेच नाही, ही एक गाठ मनात घट्ट बसली आणि चाळीस वर्षे सुटली नाही. पत्नी आणि मुले नेमाने मिस्सेला जातात, पण या म्हाताऱ्याच्या पैशावर डोळा ठेवून असतात. लुई देवाचा द्वेष करतो, त्याचे एक मोठे कारण म्हणजे या कुटुंबाचा धर्म त्याला कोरडा आणि सोयीचा वाटतो. बालपणी मरण पावलेली लेक मारी आणि युद्धात नाहीसा झालेला भाचा ल्यूक, या दोघांच्या निर्मळपणापुढेच काय ते त्याचे मन हलते.

मुलांना वारसाहक्कापासून वंचित करण्याचा डाव तो रचतो, आणि मुलेही त्याच्याविरुद्ध डाव रचतात. मग अनपेक्षितपणे इझा त्याच्याआधी मरते. ज्या वाचकासाठी पत्र लिहिले, तोच उरत नाही. शेगडीतील अर्धवट जळालेल्या कागदांवरून लुईला समजते की, जिला आपण निर्विकार समजत होतो, ती आपल्यासाठी तळमळत होती. दोन माणसे एका छपराखाली जन्मभर राहिली आणि एकमेकांना ओळखलेच नाही. त्यानंतर तो सारी संपत्ती मुलांच्या हवाली करतो आणि आपल्याला त्या पैशाचे काहीच वाटत नाही, हे पाहून स्वतःच थक्क होतो. लिहिता लिहिता, एक शब्द अर्धा असतानाच, त्याला मृत्यू येतो.

यानंतर मोरियाक दोन पत्रे जोडतात. मुलगा हुबेर बापाच्या परिवर्तनावर विश्वास ठेवायला तयार नाही. नात जनीन मात्र आजोबांना ओळखते. घरातील नेमाने धर्म पाळणाऱ्या माणसांपेक्षा हा देवाला नाकारणारा म्हाताराच देवाच्या अधिक जवळ होता, असे तिला वाटते. क्षमा झाली तरी घरातील सर्वांना ती दिसतेच असे नाही, हा या कादंबरीचा कटू बोध आहे.

दोन बाप : ॲलन पेटन

क्रिस्तिन जेथे मुकुट अर्पण करण्यास गेली ते निदारोस म्हणजे आजचे ट्रॉनहाइम. 1946 मध्ये जोहान्सबर्गजवळील एका बालसुधारगृहाचे प्रमुख ॲलन पेटन निरनिराळ्या देशांतील तुरुंग आणि सुधारगृहे पाहत तेथे आले होते. तेथील कॅथेड्रल पाहून परतल्यावर, घरापासून दूर, त्यांनी एका कादंबरीची सुरुवात केली आणि त्याच वर्षअखेर सॅन फ्रान्सिस्को येथे ती पूर्ण केली. ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ ही ती कादंबरी 1948 च्या आरंभी प्रकाशित झाली. काही महिन्यांतच दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे धोरण घेऊन आलेला पक्ष सत्तेवर आला.

स्टीफन कुमालो हे नाताळ प्रांतातील एका गरीब खेड्याचे वृद्ध, कृष्णवर्णीय अँग्लिकन धर्मगुरू. बहीण आणि मुलगा यांच्या शोधात ते जोहान्सबर्गला जातात. मुलाचे नाव अबशालोम. दावीद राजाचा शोक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या नावातच कथेचा शेवट ऐकू येईल. चोरीसाठी एका घरात शिरलेल्या अबशालोमने घाबरून गोळी झाडलेली असते, आणि मरणारा आर्थर जार्व्हिस हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारा गोरा तरुण असतो. आर्थरचे वडील जेम्स जार्व्हिस यांची शेती कुमालोंच्या खेड्याच्याच माथ्यावर आहे.

न्यायालयात अबशालोम खरे बोलतो. त्याचे साथीदार गुन्हा नाकारतात आणि सुटतात. त्यांपैकी एक कुमालोंच्या सख्ख्या भावाचा मुलगा असतो. अबशालोमला फाशीची शिक्षा होते. तिकडे मृत मुलाच्या खोलीत बसून जार्व्हिस त्याचे लेख वाचतात, आणि ज्याला आपण वाढवले त्या मुलाची ओळख त्यांना मरणानंतर होते. पुढे एका घराच्या दारात हे दोन बाप योगायोगाने समोरासमोर येतात. कुमालोंचे पाय थरथरतात. अखेर ते सांगून टाकतात की, तुमच्या मुलाला मारणारा माझा मुलगा आहे.

जार्व्हिस क्षमेचे भाषण करीत नाहीत. खेड्यातील मुले दुधावाचून मरत आहेत हे कळल्यावर ते दूध पाठवू लागतात. बंधारा बांधण्याची व्यवस्था करतात, शेतीचा जाणकार माणूस नेमतात. कुमालो तुरुंगातच मुलाचे लग्न लावून देतात आणि गरोदर सुनेला आपल्या घरी आणतात. फाशीच्या आदल्या रात्री ते एकटेच डोंगरावर जाऊन प्रार्थनेत पहाटेची वाट पाहतात. शिक्षा टळत नाही, मेलेला मुलगा परत येत नाही. तरीही त्या दरीत काहीतरी हिरवे उगवू लागते. वर्णभेदी राजवट 1994 मध्ये संपल्यानंतर आर्चबिशप डेझमंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग नेमण्यात आला. त्याच्या नावात ‘सत्य’ हा शब्द ‘समेट’ या शब्दाच्या आधी येतो, आणि या कादंबरीतही क्रम तोच आहे.

मराठीतील एक दुवा

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ज्या ‘यमुनापर्यटना’चा (1857) उल्लेख केला जातो, ती बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाची आहे आणि तिचा विषय विधवांचे कौटुंबिक दुःख हाच आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ ही कादंबरी नव्हे, ते आत्मचरित्र आहे. परंतु 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यानंतर दुभंगलेला संसार, दुराव्याची वर्षे आणि 1900 मध्ये स्वतः लक्ष्मीबाईंनी घेतलेला बाप्तिस्मा, ही हकिकत श्रद्धा आणि घर यांच्या ओढाताणीविषयी कोणत्याही कादंबरीइतके सांगून जाते. आणि ती सांगताना लक्ष्मीबाई हसतात, हे त्यांच्या क्षमाशीलतेचे लक्षण मानावे लागेल.

या कादंबऱ्या काय शिकवतात?

प्रायश्चित्त संस्काराची तीन अंगे आपण धर्मशिक्षणात शिकतो : पश्चात्ताप, पापनिवेदन आणि प्रायश्चित्त. या चारही कथांत ती दिसतात. रॅग्नफ्रिड, कुमालो आणि क्रिस्तोफोरो हे प्रथम सत्य बोलतात. लुई मालमत्ता सोडतो. क्रिस्तिन मुकुट देते. क्षमा म्हणजे झाले ते झाले नाही असे मानणे नव्हे, आणि अन्याय मुकाट्याने सोसत राहणेही नव्हे. घरात मारहाण सहन करणाऱ्या स्त्रीला ‘क्षमा कर’ एवढाच उपदेश करून परत पाठवणारा धर्मगुरू तिला अर्धेच शुभवर्तमान सांगतो. तिचे संरक्षण आणि अपराध्याची जबाबदारी हे क्षमेच्या विरोधी नाहीत. अबशालोमच्या बापाने मुलाचा गुन्हा लपवला नाही आणि मुलाचा हातही सोडला नाही.

धर्मग्रामात काम करताना बांधावरून, सातबाऱ्यावरील नावावरून किंवा लग्नातील एखाद्या राहून गेलेल्या आमंत्रणावरून वर्षानुवर्षे न बोलणारी भावंडे आम्ही धर्मगुरू पाहतो. दोघेही रविवारी मिस्सेला येतात, शांतीचे अभिवादन करताना वेगवेगळ्या बाकांवर असतात. पुष्कळदा दोघांचाही हिशेब बरोबर असतो. आई वा वडिलांच्या शवपेटीच्या दोन बाजूंना ते उभे राहतात, तेव्हा या कादंबऱ्यांची आठवण येते. इझाच्या जळालेल्या पत्रांचे तुकडे जुळवण्याची पाळी आपल्यावर येऊ नये, एवढ्यासाठी तरी लुईची कथा प्रत्येक कुटुंबाने वाचावी.

नव्याने आरंभ करणाऱ्या वाचकाने पेटन यांच्यापासून सुरुवात करावी. त्यांची भाषा साधी आहे आणि कादंबरी आटोपशीर आहे. मोरियाक यांची कादंबरी लहान असली तरी सावकाश वाचावी. मान्झोनी आणि उंडसेट यांना पावसाळ्यातील मोठी सुट्टी किंवा संपूर्ण उपवासकाळ द्यावा. धर्मग्रामाच्या ग्रंथालयात या पुस्तकांची एकेक प्रत असावी आणि एखाद्या वाचनगटाने त्यांवर चर्चा करावी, ही विनंती.

दाखल्यातला थोरला भाऊ अजून दाराबाहेर उभा आहे. आत दिवे लागले आहेत, ताटे मांडली आहेत आणि बाप पंगत सोडून बाहेर आला आहे. पुढचे वाक्य प्रभूने आपल्यासाठी मोकळे ठेवले आहे.